चुलीवरची दोन कौलं

प्रिय सिलो,

हे पत्र आणणारा खेचरवाला भारी बडबड्या आहे, पण मनाचा चांगला. धान्य घेऊन उत्तरेकडे निघालाय. प्रत्येक छावणीत तुझं नाव विचारीन म्हणालाय. भेटलाच तर आधी त्याला जेवायला घाल, मग हे वाच.

अंजिराला यंदा इतकी फळं आली की फांद्या वाकल्या. गेल्या साली तू फौजेत निघालास तेव्हा सगळी कच्ची होती. भट्टीपाशी बाबांचं नेहमीचं काव्य चाललं होतं, की आजचा दिवस ताटात वाढलाय, आजच जेवून घ्या. तू म्हणालास, बाबा, कवितेनं पोट भरत असतं तर तुमच्याकडे पाव घ्यायला कोण आलं असतं? मी आपला परत आल्यावर अंजिरं खाईन! काय हसले होते रे ते.

मग तुझ्या तुकडीतला मेसियस लंगडत घरी आला. गोठलेली नदी ओलांडताना बर्फ फुटला आणि तू खाली गेलास, एवढं त्यानं सांगितलं. मी विचारलं, तुझ्या डोळ्यांनी त्याला मेलेला पाहिलंस का? तो म्हणाला, नाही हो काकू, पण... त्याचं ‘पण’ मी ऐकलंच नाही. भांडी घासायला निघून गेले.

बाबांनी मात्र ऐकलं. मला म्हणाले, वेत्तिया, आशेमागे धावणाऱ्याचा आजचा दिवस फुकट जातो. जुन्या कवींनी उगाच नाही सांगितलं. मी म्हटलं, चुलीत घाला तुमचे कवी! त्यांचा पोरगा हरवला होता का? ते उठून पाथरवटाकडे गेले. हमरस्त्याच्या कडेला त्यांनी तुझ्या नावाची समाधी बांधली. आत काहीच नाही रे, नुसती माती. तिच्यासमोर तीनदा तुझं नाव घेऊन हाक मारली, विधी उरकले. मी एकदाही हाक मारली नाही.

दगडावर त्यांनी ओळी कोरून घेतल्यात, तूच बोलतोयस अशा. ‘वाटसरू, जरा टेक. मी पोटभर जगलो. तूही आजचं आज जग.’ येणारा-जाणारा थांबतो आणि मोठ्यानं वाचतो. परवा कुणी कांदेवाला घोगऱ्या आवाजात ‘मी पोटभर जगलो’ म्हणाला. काल एक शेंबडं पोर तेच म्हणालं. विहिरीवर जाताना रोज तू वेगळ्याच गळ्यातून बोलतोस. पोटभर? अरे मेल्यांनो, त्यानं अजून अंजिरंसुद्धा खाल्ली नाहीत! आता मी लांबच्या वाटेनं पाणी आणते.

घरातली भुतं हाकलायला काळे वाल फेकायचे दिवस आले, तेव्हा मला वाटलं होतं की बाबा फेकतील. तू तशा रूपात आला असलास तर? पण ते म्हणाले, वाल संपलेत, यंदा राहू दे. मडकं काठोकाठ भरलेलं होतं. मी वर झाकण ठेवलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. तुझे विधी झालेत, हे तुला ठाऊक नसणार. तू आपला सरळ येऊन दार ठोठावशील. बाळा, ते करू नकोस. ज्याचे विधी झाले तो जिवंत परतला तरी उंबरठ्यावरून आत आला तर मेलेलाच धरतात. त्यानं छपरातून उतरायचं, नव्यानं जन्मल्यासारखं. सगळ्या गावानं कौल दिला की तू गेलास. मी चुलीवरची दोन कौलं सरकवून ठेवलीत. पाऊस आत येतो. पिठाला थेंब लागला की घर डोक्यावर घेणारे तुझे बाबा त्याखाली घमेलं ठेवतात आणि चकार शब्द काढत नाहीत. आणि काल मागच्या अंगणात गेले, तर भट्टीवरची जड शिडी भिंतीला लावलेली, बरोबर त्या कौलांखाली. मला ती जागची हलत नाही रे. बाबा सकाळपासून कंबर धरून बसलेत. म्हणतात, पिठाचं पोतं उचललं.

तुझीच,
आई