मोटारीच्या तापाचा काटा

ता. ३ सप्टेंबर, बुधवार
काल नावेची मोटार धरणाच्या मधोमध बंद पडली. नावेत नऊ बाया, पल्याड खुरपायला चाललेल्या. वल्हं मारत काठाला आणली. तापली होती. बाळ्या म्हणतो, "माय, तुझा हात मेलाय. तुला गरम कळत न्हाई." पोटचा लेक, आन बायांपुढं! एकवीस वर्सं मीच चालवली ही मोटार. इंजिन गार करून आलेल्या पाण्याची मागच्या भोकातून धार पडती, तिच्यात हात धरला की आत किती तापलंय ते कळतं. ह्याला शिकवलं होतं. ह्यानं कधी हात वला केला न्हाई.

ता. ५, शुक्र.
बाळ्या वडवणीला गेलता. भंगारातल्या ट्रॅक्टरचं तापाचं मीटर आणलं. गोल काच, काटा, हिरवं-लाल. मागं तांब्याची बारीक नळी, तिच्या टोकाला बोंड. बोंड जिथं टेकंल तिथला ताप काट्यावर. बॅटरी लागत न्हाई म्हणून लई खूश. बोंड धारेच्या भोकात तारेनं आवळलं.
"तिथं कावून?"
"तू हात तिथंच धरतीस ना?"
सोमवारपासून नाव दत्त्या चालवणार म्हणं. सुनेचा भाऊ. आजवर सायकल धड चालवली न्हाई त्यानं. काटा बघता आला की झालं म्हणत्यात.

ता. ८, सोम.
दत्त्या मागं मोटारीचा दांडा धरून. मला पुढं ठेवलं, पिशवी ठेवावी तसं. अर्ध्या पाण्यात मोटारीच्या पाणी वढायच्या जाळीत गवत अडकलं. धार बारीक झाली, मग तुटली. काटा खाली आला. दत्त्या म्हणतो, "बघा मावशी, कशी गार चालतीय!"
मी बोलले न्हाई. म्हटलं बघू किती शाना हाय. जळका वास आला तरी मुडदा काट्याकडंच बघतोय. मग बायांची तोंडं बघितली आन वरडले, "बंद कर की रं!"
पुन्हा वल्हं. थंड झाल्यावर चालू झाली, नशीब.
गप बसले ते चुकलं. हितं लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार न्हाई.

ता. ९, मंगळ.
बाळ्याला म्हटलं, पाणीच येईना तर बोंड वाऱ्यावर, गारच दाखवणार. माझा हात आधी धार हाय का ते बघतो, ताप मागनं. बोंड वर लाव, प्लगच्या शेजारी, इंजिनाच्या हेडावर, खरा ताप तिथं.
"तू इंजिनेर हायेस का?"
"न्हाई बाबा, इंजिनेर तू. म्हणून तर जळायला आलती."
शेवटी पाना मीच घेतला. बाळ्यानं नळी धरली. पत्र्याची पट्टी वाकवून बोंड हेडाला दाबलं. काठालाच चालू केली. काटा चढला, मधी थांबला. पाणी वढायच्या जाळीवर गवताची मूठ धरली, लालकडं पळाला. काढली, उतरला.
बाळ्या हसला. मी न्हाई.

ता. १०, बुध.
सून म्हणती, "आत्याबाई, तळहाताला फोड कशाचा?"
"तव्याचा."
"तवा तर मीच धरते."
चोंबडी. कालचाच असंल, हेडावर हात टेकला असंल. कळलंच न्हाई. साखरेचा डाक्टर म्हणला होता, पाय बघत जा, जखम झाली तरी कळायची न्हाई. हाताचं बोलला नव्हता.

ता. १२, शुक्र.
बाळ्या जेवताना, "माय, काटा आता खरं बोलतोय. दत्त्याला काय अवघड न्हाई. तूच सोपं केलंस."
तोंडाला आलेली शिवी भाकरीसंगं गिळली. बोंड हेडावर लाव म्हणणारी मीच. आता कुणाला शिव्या देऊ?

ता. १५, सोम.
वही नावेत आणलीय. सगळ्यांच्या आधी येऊन दांड्यापाशी बसले. बाया आल्या. शकू म्हणली, "मावशी, तुमी चालवणार का दत्त्या?" म्हटलं, जो हितं बसलाय तो.
फोडावर चिंधी गुंडाळलीय. सुनेनं घरी सांगितलेलं दिसतंय. बाळ्या उतरणीवरनंच वरडतोय, "माय, हात दाखव!" मागं दत्त्या, नवीन टोपी घालून.
एक हात दांड्यावर, एक लिहितोय. दाखवायला मोकळा न्हाई.