ताठ कण्याची मोहीम

१ जानेवारी १९७४, सकाळ

नवं वर्ष. वय सत्तेचाळीस. शाळेच्या दाखल्यावर एक्कावन्न आहे, पण आमच्या गावचे मास्तर जन्मतारखा अंदाजाने घालत.

काल लायब्ररीत एका इंग्रजी मासिकात वाचलं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं आतून विरळ होत जातात. दुखत नाही, खुपत नाही. एक दिवस नुसत्या धक्क्याने मोडतात, नाहीतर पाठ वाकते. वाचून अंगावर काटा आला. रत्नागिरीला आई शेवटची सहा वर्षं जमिनीकडे बघत चालली. घरी आलेलं माणूस ती पायांवरून ओळखायची.

मी वाकणार नाही. नळासाठी ग्रामपंचायतीपुढे पावणेदोन तास उभी राहून बोलले ती बाई आहे मी. महिला मंडळाची अध्यक्षा वाकली तर मंडळ कशाला टेकून उभं राहणार?

निर्धार: रोज पेलाभर दूध. अर्धा तास ऊन. खाडीपर्यंत चालणं. आणि हे एकटीसाठी नव्हे. या वर्षी भाईंदरमधली एकही बाई वाकता कामा नये.

२ जानेवारी

दूध सुरू. अर्धा लिटर येतं. ह्यांचा चहा, शेजारच्या सुगंधाचा चहा, थोडं विरजणाला. पेला भरेना. पण माझे स्वतःचे दिवसात पाच चहा होतात आणि प्रत्येकात दूध असतंच. बेरीज केली तर पेला होतो. नियम पाळला.

४ जानेवारी

ऊन. अंगणात खुर्ची टाकून अकरा मिनिटं बसले. छत्री घेतली होती. उन्हाने रंग उतरतो आणि मला व्यासपीठावर बसायचं असतं. ऊन कापडातून झिरपतंच. नाहीतर आतले कपडे कसे वाळले असते?

खाडीपर्यंत चालणं सोमवारपासून.

७ जानेवारी, सोमवार

चालणं उद्यापासून. आज विम्याच्या फॉर्मसाठी उंची लागली. ह्यांनी मला दाराच्या चौकटीला टेकवून टेपने मोजलं. पाच फूट. लग्नात मी पाच फूट दीड इंच होते. हे म्हणाले, "पुष्पा, दीड इंच गेला कुठे गं?"

दिवाळीत आपण लादी बसवली, जमीन वर आली, असं मी शांतपणे समजावलं. हे म्हणाले, मग मी कसा तेवढाच राहिलो? पुरुषांना निरीक्षण नसतं. फॉर्ममध्ये पाच फूट दीड इंच लिहिलं.

१० जानेवारी, दुपार

बसल्या बसल्या अंगाची लाही झाली. पदर घामाने भिजला. छपराचे पत्रे तापतात, दुसरं काय. सुगंधा शेजारी शाल गुंडाळून बसली होती. म्हणाली, "ताई, मला पण मागल्या वर्षी असंच व्हायचं, पाळी गेली तेव्हा." तिला म्हटलं, तुझं रक्त कमी आहे. माझा विषय पत्र्यांचा आहे.

१३ जानेवारी, रविवार

मोरव्याला गेले. मिठागरातल्या बायकांना हाडांचं ज्ञान द्यायला. टांग्याने गेले, कारण पोचल्यावर बोलायचं होतं आणि दम राखून ठेवायला हवा.

बिचाऱ्या! दिवसभर उन्हात, डोक्यावर मिठाची पाटी, जेवणात भाकरी आणि सुका जवळा. जवळ्याचा वास अजून पदराला आहे. रखमाबाई म्हणून त्यांच्यातली म्होरकी आहे. साठीच्या पुढची. घरचं मिठागर आहे, सुना आहेत, तरी स्वतः पाटी उचलते. मी तिला म्हटलं, रखमाबाई, या ओझ्याने तुमची हाडं झिजतील. दूध प्या, कोवळं ऊन घ्या, चाला.

ती म्हणाली, "बाय, ऊन तं हाय. चालनं तं हाय. दूध न्हाय, म्हनून जवला खाताव. तुमी रोज काय उचलता?"

मी म्हटलं, विचार.

सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ज्ञान मिळालं की साध्या माणसाला असा आनंद होतो. रखमाबाईने एक पाटी माझ्यापुढे सरकवली. "घ्या बरं, उगाच अर्धी भरलीय." माझी साडी कांजीवरम होती. नाही म्हटलं.

१५ जानेवारी

संक्रांत काल झाली. तिळात हाडांना लागणारं सगळं असतं असं मासिकात आहे. काल नऊ लाडू, आज सहा. औषध म्हणून. गोडाची मला आवड नाही.

१९ जानेवारी

दवाखान्यात गेले. स्वतःसाठी नाही, व्याख्यानाला आकडे हवे होते. डॉक्टर कालचं पोर. सरळ विचारलं, "मावशी, पाळी थांबून दोन वर्षं झाली ना?" मग आई वाकली होती का, उंची कमी झाली का, असंही विचारलं. मी लादीचं सांगितलं. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, दूध, मासळी, छत्रीविना ऊन, रोज चालणं, आणि थोडं वजन उचलत जा. हाडावर भार पडला की हाड घट्ट राहतं. मुंबईला जाऊन एक्सरे काढा.

मावशी! आकडे दिलेच नाहीत.

२३ जानेवारी

कल्पना सुचली. येत्या बुधवारी रथसप्तमी. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांवर सूर्यासमोर दूध उतू घालवतात. म्हणजे ऊन आणि दूध, दोन्ही एका जागी! आपल्या पूर्वजांना हाडांचं शास्त्र माहीत होतं, फक्त व्याख्यात्रीची उणीव होती.

ठरलं: शाळेच्या पटांगणात हळदीकुंकू. बोळकंभर नव्हे, तबेल्यातून दहा लिटर दूध मागवायचं. थोडं सूर्याला उतू घालवायचं, बाकीचं चाळीस बायकांना, प्रत्येकीला पेलाभर. मोरव्याच्या बायकांनाही बोलावलं आहे. दूध उतरवायचा मान अध्यक्षांचा. तोवर कोणी हात लावायचा नाही, असं सुगंधाला बजावलं.

२९ जानेवारी

भाषण तयार. चौदा मुद्दे. चालणं भाषणानंतर सुरू करीन.

३१ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय. थोडक्यात.

काल बाकावर उभी राहून बोलत होते. समोर पातेलं, गोवऱ्या, चाळीस जणी. भाषण रंगलं. सातव्या मुद्द्याला मी म्हटलं, या देशातल्या बाईच्या वाट्याला दूध येतच नाही. तेवढ्यात मागून रखमाबाई ओरडली, "बाय, दूध!" दाद कशी मनापासून असते! मी म्हटलं, होय, दूध! सुगंधाही ओरडली, "ताई, दूध!" मी हात उंचावून म्हटलं, मोठ्याने बोला! सगळ्या ओरडल्या, "दूध! दूध!" तीस वर्षांत माझ्या सभेला अशी घोषणा झाली नव्हती. मी अजून तीन मुद्दे घेतले.

मग खाली पाहिलं, तर बाकाच्या पायाशी दूध वाहत होतं.

दहा लिटर. गोवऱ्या विझल्या होत्या. कोणी हात लावला नाही, कारण मी बजावलं होतं. उरलंसुरलं वाचवायला मी बाकावरून उडी मारली. बाक बसका होता. दुधावर पाय सरकला, उजवा हात टेकला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला. बाकाचाच असावा असं मला वाटलं.

रखमाबाईने मला उचललं. पाटी उचलतात तसं, एका झटक्यात. दवाखान्यापर्यंत कडेवर. मी तिला वाटेत म्हटलं, जपा, तुमची हाडं. ती म्हणाली, "गप बस गो, पडशील."

मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे.

६ फेब्रुवारी

मुंबईला जाऊन एक्सरे काढला. पाठीचाही. डॉक्टरने काचेवर लावून दाखवला. हाडं फिकट दिसतात, मणके दोन ठिकाणी बसलेत. मी म्हटलं, फोटो काढणाऱ्याने उजेड जास्त ठेवला असेल. हे माझ्या शेजारी उभे होते. माझी पिशवी धरून राहिले.

परतताना मी गाडीत बाहेर बघत होते. हे म्हणाले, "लादीने असं होतं का गं?"

नाही होत.

१७ मार्च, रविवार, सकाळ साडेआठ

प्लास्टर निघालं. हात काठीसारखा झालाय. अक्षर डाव्या हाताचं बरं होतं.

सात वाजता दारात रखमाबाई. ह्यांनीच निरोप धाडला होता. जवळ्याची पुडी ह्यांच्या हातात दिली, माझी छत्री खुंटीवरून काढून कोपऱ्यात ठेवली आणि म्हणाली, "चल." तुम्ही गेलं, चल आलं. मी तिला सांगायला लागले की चालण्याने हाडांवर नेमका काय परिणाम होतो. ती म्हणाली, "तोंड बंद, पाय चालू."

खाडीपर्यंत गेलो. मध्ये तीनदा थांबावं लागलं. ती नाही थांबली, मी थांबले. येताना तिने माझ्या चांगल्या हातात किलोभर मिठाची पिशवी दिली. विचारलं तर म्हणाली, "विचार हायत. घरी ने."

वय एक्कावन्न. उंची पाच फूट. उद्या सात वाजता.