घिरट्या घालणाऱ्या विमानाची व्यवस्था

मी सेवजिद, बालदानची मुलगी, वय ७९, राहणार बोर-खुजिर, जावखान प्रांत, मंगोलिया. सरकारी हवाई कंपनीच्या इथल्या धावपट्टीवर तिकिटं फाडण्यात माझी सगळी नोकरी सरली. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. मला कुणी धाक घातलेला नाही, घालायची कुणाची छातीही नाही. माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं काय करायचं ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. आधीची तोंडी वचनं रद्द समजावीत, विशेषतः जावयाला दिलेली.

१. घर, मेंढ्या आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी ओद्गेरेल हिला. जावई तुमेन याने मेंढ्या विकून मोटार घेऊ नये. त्याला मोटार चालवता येत नाही, हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे.

२. बैठकीतल्या विमानाच्या खुर्च्या शेजारीण बुतिद हिला. आमच्या कंपनीचा ताफा म्हणजे एक कळपच होता. आधी औषधं, टपाल नि अडलेल्या बाळंतिणी वाहणारी दुपंखी रशियन विमानं, मग दोन इंजिनांची, मग अमेरिकेची आणि युरोपची जेट. जेट आमच्याकडे कशाला उतरतात? पट्टी बंद पडली, तिथे आता मेंढ्या चरतात. दोन इंजिनांची विमानं मोडीत निघाली तेव्हा मी या खुर्च्या आणल्या. बुतिदच्या कमरेला त्या मानवतात. कधी कधी सकाळी त्यांचे पट्टे आपोआप लावलेले सापडतात. ते सोडवावेत आणि गावभर करू नये.

३. माझा नवरा योंदोन याचा चामडी कोट कुणालाही देऊ नये. तो वैमानिक होता. १९७८ च्या हिवाळ्यात लसी घेऊन दुपंखी विमानाने निघाला, तेव्हा हा नवा कोट सणासाठी राखून जुनाच घालून गेला. आमच्यात जाणाऱ्याच्या मागे घरच्या बाईने दूध शिंपडायचं असतं, म्हणजे त्याची वाट पांढरी होते. मी बादली घेऊन उभी होते. पट्टीचे प्रमुख शागदार यांनी ती लाथेने उलटवली.

"हे सरकारी विमान आहे, घोडं नव्हे! असली थेरं घरी करायची!"

योंदोन खिडकीतून हसला. म्हणाला, "राहू दे गं, संध्याकाळी आलोच."

तो आला नाही. विमानाचा तुकडाही कुणाला मिळाला नाही.

४. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्याच्या विमानाचा आवाज येतो, तोही भर दिवसा. आभाळ मोकळं असतं. कुत्री भुंकत नाहीत, माना वर करून आवाजाबरोबर गोल फिरवतात. पेल्यातला चहा थरथरतो. एकदा पट्टीवरच्या बर्फात विमान टेकल्याच्या दोन रेघा दिसल्या. त्या मधूनच सुरू झाल्या होत्या आणि थोड्या पुढे मधेच संपल्या होत्या.

लामा म्हणाले, "ज्याला निरोप मिळाला नाही त्याला पोचता येत नाही. दूध शिंपड, तो सुटेल."

मी शिंपडलं नाही. ओद्गेरेल मागे लागली, "आई, बाबांना सोड ना गं आता."

"सोडलं तर मला काय राहील?" मी विचारलं. मला तो हवा आहे, निदान आवाजापुरता तरी.

म्हणून माझे अंत्यविधी उरकल्यावर ओद्गेरेलने दूध शिंपडावं. त्याआधी कुणीही नाही.

५. शागदार यांना माझ्याकडून काहीही नाही. हल्ली तो आवाज त्यांच्या घरावरही फिरतो. परवा दारात येऊन म्हणाले, "वहिनी, मला शिंपडू द्या. पाया पडतो."

"ऐका की, साहेब. मी नाही का ऐकत इतकी वर्षं?"

त्यांना आज साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, ते त्यांनी हे कलम वाचावं म्हणूनच.

६. हे कलम सह्या थांबवून लिहीत आहे. बुतिद सही करत असतानाच आवाज आला. शागदार चुलीवरचं दुधाचं पातेलं उचलून काठीशिवाय बाहेर धावले. "ठेवा ते खाली!" मी ओरडले. मी दारापर्यंत पोचले तेव्हा पातेलं रिकामं झालं होतं. म्हातारा बर्फात गुडघ्यांवर बसून रडत होता. "जा रे बाबा, जा. चुकलं माझं."

आवाज फिरायचा थांबला. घरावरून सरळ उत्तरेला गेला, बारीक होत गेला, संपला. कुत्री आडवी झाली.

कलम चार आता लागू नाही. शागदार यांना मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. हात पोळलेत त्यांचे, म्हणून बुतिद लोणी लावते आहे. योंदोन सुटला हे बरं झालं, असं मला लिहिता येत नाही. तो गेला. आज गेला. मी आज विधवा झाले.

सही: सेवजिद
साक्षीदार: बुतिद
साक्षीदार: शागदार (हात पोळल्यामुळे अंगठा)
स्थळ: बोर-खुजिर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०१८