अंडी दिसली का?

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात मला वेड लागलंय का, असं पाच ठिकाणी विचारलं आहेस. उत्तर एकदाच देतो. लागलं असेल, पण त्याचा अभ्यासक्रम आठ आठवड्यांचा आहे आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं.

शाळेतला संस्कृतचा वर्ग मेअखेर बंद होतोय हे तुला ठाऊक आहेच. यंदा चार विद्यार्थी होते, त्यातले दोघे पंख्याखाली जागा मिळते म्हणून यायचे. बावन्नाव्या वर्षी दुसरं काही शिकणं भागच होतं. मग म्हटलं, मधमाश्या पाळायला शिकावं. निदान त्या उलट उत्तर देणार नाहीत. हा समज पहिल्याच दिवशी डाव्या कानावर दूर झाला.

वर्ग म्हणजे पत्र्याची एक लांब खोली आणि मागे कुंपणात बारा पेट्या. आम्ही नऊ जण. शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, बोलणं मोजकं. मी त्यांना मधुकर, षट्पद, भ्रमर अशी नावं ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, भ्रमर हा निराळा किडा, तो पेटीत राहत नाही, एवढं सांगितलं आणि माझ्या हातात झाडू दिला.

दोघांत एक पेटी. माझी जोडीदार शिवणकाम करणारी पोर आहे, तिला सगळे शिंपीणबाई म्हणतात. आमची पेटी सात नंबरची. दर आठवड्याला आलटूनपालटून ती उघडायची, एकेक चौकट उचलून पोळं पाहायचं आणि वहीत रकाने भरायचे. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: अंडी दिसली का? अंडं म्हणजे दोऱ्याचा बारीक तुकडा, पोळ्याच्या घराच्या तळाशी चिकटलेला. पहिल्या दिवशी उभा, दुसऱ्या दिवशी कललेला, तिसऱ्या दिवशी आडवा. चौथ्या दिवशी त्याची अळी. त्यामुळे राणी स्वतः दिसली नाही तरी चालतं. अंडी आहेत, म्हणजे गेल्या तीन दिवसांत बाईसाहेब घरी होत्या. धूर दिसला की अग्नी आहेच, हे अनुमान मी अठ्ठावीस वर्षं फळ्यावर शिकवलं. इथे फरक इतकाच, की माश्या शांत करायला धूरही आपणच करायचा.

आता कामाचं. प्रमाणपत्राबरोबर दोन पेट्या मिळतात, पण त्या ठेवायला जागा आहे असं जागामालकाचं पत्र लागतं. माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावरचा सज्जा आहे. तुझ्याकडे लिंबाच्या झाडामागे मोकळी जागा आहे. यापुढे मी काही लिहीत नाही. तू हुशार आहेस.

भावोजींना नमस्कार. लोभ पूर्वीइतकाच ठेव, वाढवलास तर हरकत नाही.

तुझा,
धाकटा

१२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. हुशार आहे म्हणूनच नाही म्हणते. निवृत्तीच्या दिवशी यांच्या ओठाला गांधीलमाशी चावली होती, ते विसरलास वाटतं. दिवाणखान्यातल्या समारंभाच्या फोटोत हे अजून कुणा दुसऱ्याच घराण्यातले दिसतात. तुझं पत्र मोठ्याने वाचलं तर यांनी उठून खिडकी लावून घेतली. फेब्रुवारीत.

तरी एक विचारते, नुसतं माहिती म्हणून. ती राणी कामं सांगते तरी कशी? मी चार माणसांना दहादा सांगते तेव्हा एक ताट उचललं जातं. आणि पाऊस पडला की त्या आत बसून काय करतात?

दुसरं. दोऱ्याच्या तुकड्याएवढं अंडं तुला दिसतं? तू चाळिशी नाकावर ठेवायला लाजतोस, म्हणून म्हटलं. आठवतं ना, बाबांनी गच्चीवर सप्तर्षींजवळची अरुंधती दाखवली होती? तू लगेच दिसली दिसली म्हणालास, आणि बोट शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीकडे होतं. पुढच्या वर्षी तुला चष्मा लागला.

कानाला हळद लाव. जीव सांभाळ आणि खरं काय ते कळवत जा.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं आधी देतो, कारण त्यानंतर मला काही लिहायचं आहे आणि ते जितकं लांबेल तितकं बरं.

राणी काम सांगत नाही, कुणालाही नाही. तिच्या अंगाचा वास पेटीभर फिरत असतो. तो आहे तोवर जो तो आपापल्या कामाला लागलेला असतो. पावसात त्या आत दाटीवाटीने बसतात, पिलांना ऊब देतात आणि बहुधा चिडतात. तिसरा प्रश्न तू विचारला नाहीस, पण मी बाईंना विचारला: घरात गर्दी झाली की काय होतं? बाई म्हणाल्या, म्हातारी राणी अर्ध्या माश्या घेऊन निघून जाते आणि घर लेकीला ठेवते. जाण्याआधी पोळ्याच्या कडेला भुईमुगाच्या शेंगेसारखी घरं लोंबू लागतात. नव्या राण्या त्यांत वाढतात.

आता ते लिहायचं. तोंडावर जाळी असली की चाळिशी घसरते, आणि जाळीच्या आत हात घालून ती वर करता येत नाही. वाफ धरते ती वेगळीच. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी ती खिशात ठेवली. रकान्यात ‘आहेत’ लिहिलं. शिंपीणबाईंना डोळ्यांपुढे सुई धरून ओवायची सवय, त्यांना अंडी लांबूनच दिसत. म्हटलं, त्यांना दिसतात म्हणजे आहेत. मधल्या आठवड्यात त्यांना शिवणाची घाई होती, त्या आल्या नाहीत. मी एकट्याने पेटी उघडली. माश्या थोड्या कमी वाटल्या, कामाला गेल्या असतील म्हणून सोडून दिलं. पुन्हा ‘आहेत’. गेल्या आठवड्यात पाळी माझी; तिसऱ्यांदा ‘आहेत’ लिहिलं, आणि शेंगेसारखी सात घरं दिसली. नियम असा: अंडी असतील तर म्हातारी अजून घरात आहे, तिला थांबवायला घरं काढून टाकावीत, नसतील तर ती गेली, घरांना हात लावू नये. बाईंनी वही पाहिली. वहीत लिहिलेलं त्या खरं धरतात. मी सातही घरं काढली.

म्हातारी आधीच गेली होती, ताई. काल झाकण काढलं तर आवाज बदललेला. नेहमीची गुणगुण नाही; बंद दाराआड पुष्कळ माणसं एकदम कण्हतात तसं काहीतरी. बाईंनी एकेक चौकट उचलून पाहिली. मग म्हणाल्या, राणी नाही. कसं झालं असेल, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. शिंपीणबाईंना वाटतंय, चूक त्यांचीच, त्या आल्या नव्हत्या.

नक्कल करणाऱ्या पोरांना मी अठ्ठावीस वर्षं उभं केलं. काय करू ते सांग.

लोभाबद्दल यावेळी काही लिहीत नाही.

धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काय करू हे तुला ठाऊक आहे, म्हणून तर मला लिहिलंस. उद्याच्या उद्या त्या बाईंना सांग, आणि त्या पोरीसमोर सांग. तिच्या डोक्यावरचं आधी उतरव. पेट्या न मिळाल्या तर न मिळोत; उपाशी राहणार नाहीस, माझं घर आहे. पण खोटं लिहून मिळालेली पेटी माझ्या लिंबामागे नको.

माश्यांचं काय होणार ते कळव. मला उगीच चुटपुट लागली आहे. हेही विचारत होते. मात्र खिडकी लावून.

ताई

१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. वर्गात, सगळ्यांदेखत. शिंपीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाहेर जाऊन हातपाय धुऊन आल्या. बाईंनी वही पुढे केली. खाडाखोड करायची नाही, शेजारी लिहा, म्हणाल्या. मी तीनदा ‘आहेत’च्या शेजारी ‘दिसली नाहीत, तरी लिहिलं’ असं लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट कधीच आलं नव्हतं.

मग बाईंनी त्यांच्या पेटीतली अंड्यांची एक चौकट आणून आमच्या पेटीत ठेवली. राणीचं अंडं वेगळं नसतंच, ताई. कामकरी माशीचं असतं तेच. ज्याला मोठं घर आणि वेगळं खाणं मिळतं, ते राणी होतं. हे ऐकून मी दोन दिवस दुसरा विचार करू शकलो नाही.

चार आठवडे पेटी उघडायची नाही. त्यानंतर मी स्वतः अंडी शोधायची, बाई आपणहून दाखवणार नाहीत. मिळाली तर प्रमाणपत्र आणि दोन पेट्या, त्यांतली एक सात नंबरची. राणी तयार झाली नाही, तर माश्या दुसऱ्या पेटीत मिसळतील आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा झाडूपासून सुरुवात करीन.

धाकटा

१४ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज पेटी उघडली. शिंपीणबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. परवा मात्र त्यांनी माझ्या चाळिशीच्या काड्यांना मागून इलॅस्टिक शिवून दिलं. डोकं थोडं आवळतं. ते मला शोभतं, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या चौकटीत काही नाही. दुसरीतही नाही. मी चौकटी घाईने उचलू लागलो, माश्यांना ते आवडलं नाही आणि त्यांनी तसं मनगटावर कळवलं. बाई मागून इतकंच म्हणाल्या की अंडं शोधू नका, आधी मोठी अळी शोधा; मग तिच्याहून लहान; मग तिच्याहून लहान. आणि मी हसलो. आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, मग त्याच्या आधाराने बारीक अरुंधती: हा न्याय मी किती वर्षं घोकून घेतला. तो कुणावर चालवून पाहिला नव्हता, एवढंच.

तिसऱ्या चौकटीत पांढरी मोठी अळी दिसली. तिच्या पलीकडे लहान. त्यापलीकडे अगदी चिमुकली. आणि मग, काळ्या घराच्या तळाशी, एक दोरा. उभा. आजचाच. मी एकामागून एक अकरा मोजली. शिंपीणबाई म्हणाल्या, त्या कोपऱ्यात चाळीस तरी आहेत. मी वहीत लिहिलं: अकरा दिसली.

बाईंनी सही केली. आता फक्त जागेचं पत्र राहिलं आहे. तुझ्या मनात नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही.

तुझ्या आशीर्वादाला सोकावलेला,
धाकटा

१९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

जागेचं पत्र सोबत जोडलं आहे. खाली यांची सही आहे. कपड्यांची दोरी यांनीच सोडून पुढच्या अंगणात बांधली. मला सांगितलं की वाऱ्यासाठी. पेटीचं तोंड भिंतीकडे की उघड्याकडे, ते विचारून ठेव, असंही सांगितलं आहे.

आता माझी वही. त्या संध्याकाळी गच्चीवर बाबांनी आधी मला विचारलं होतं. मला काहीच दिसलं नव्हतं. तरी मी दिसली म्हणाले, कारण मी मोठी. मी म्हणाले म्हणून तू म्हणालास. टाकीवरून तुला मी इतकी वर्षं हसले, हे लिहिताना मला बरं वाटत नाही.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी मी लांबचा चष्मा लावून वर गेले. हे खालून जिन्याचा दिवा लावू का विचारत होते, नको म्हटलं. आधी तो ठळक तारा धरला. मग त्याच्या शेजारी पाहत राहिले. मान अवघडली.

दिसली. पेटी घेऊन ये, तुला दाखवते.

तुझी,
ताई