टिपेचं कापड

ता. ४ फेब्रुवारी

ती. भाऊस,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. तिला म्हणावं, जिना माझ्यासारखा चढावा. दर पायरीला घरमालकाच्या नावानं एक शिवी हासडली की दम लागत नाही.

आता कामाचं. इथल्या कचेरीत एक साहाय्य निधी निघालाय. बायकांचे आणि अल्पसंख्याकांचे जे छोटे धंदे आहेत, त्यांना हत्यारं-यंत्रं घ्यायला मदत मिळते, परतफेडीची भानगड नाही. शेजारच्या दुकानातल्या बटणवाल्या बाईनं जाहिरात आणून माझ्या नाकासमोर धरली. म्हटलं, मी तर दोन्हीकडून बसते. बाई आहेच, आणि आपल्या भाषेची या गावात अडीच घरं, त्यातलं अर्धं म्हणजे मी.

चेष्टा राहू दे. भाऊ, पायानं चालवायची शिलाई यंत्रं आता दुरुस्तीला फारशी येतच नाहीत. येतात ती विजेची, पोटात सर्किट असलेली. ती तपासायचं टेबल माझ्याकडे नाही, म्हणून गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. टेबल आलं तर दुकान तगेल. नाही आलं तर वर्षअखेरीला कुलूप लावायचं आणि कपड्यांच्या कारखान्यात कुणाच्या तरी हाताखाली तेलाची बुधली घेऊन फिरायचं. या वयात मला ते जमणार नाही, हे तुला सांगायला नको.

अडचण एवढीच की अण्णांनी दुकान तुझ्या नावावर केलं, ते अजून तसंच आहे. सोबत हस्तांतराचे कागद आहेत. पेन्सिलीच्या खुणा आहेत तिथे सह्या कर.

माया आहेच, सह्या होईपर्यंत जरा जास्त असू दे.
तुझी बेबी


ता. २७ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

कागद सह्या करून पाठवतोय. उशीर झाला. भूगोलाचे पेपर तपासत होतो. एका विद्यार्थिनीनं भर वाळवंटात बंदर काढलंय आणि त्यात जहाजही उभं केलंय. तुझे कागद त्याच गठ्ठ्याखाली होते, असं मी वहिनीला सांगितलं. तिनं पेन आणून समोर ठेवलं.

एक विनंती आहे. दुकानावरची ‘भाऊ शिलाई यंत्र दुरुस्ती’ ही पाटी तेवढी राहू दे. इतक्या वर्षांचं नाव आहे, एकदम बदललं तर गिऱ्हाईकं बिचकतील. शिवाय वर्षातून एकदा मी येतो तेव्हा लोक मला उस्ताद समजून नमस्कार करतात, मी यंत्राला कान लावतो, तू मागून कुजबुजतेस, आणि मी गंभीर चेहरा करून शटलमध्ये दोष आहे असं सांगतो. शाळेत मला कुणी उस्ताद म्हणत नाही गं.

अर्ज नीट भर. खाडाखोड करू नकोस. वहिनीचा तुला निरोप आहे की गुडघ्याला शिवीचा गुण आला.

आहे तशीच हट्टी राहा, आणि आमची आठवण ठेव.
तुझा भाऊ


ता. १२ एप्रिल

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

अर्ज नामंजूर झाला. झाला तो माझ्याच हातानं, म्हणून कुणावर चिडायचीही सोय नाही.

निधीच्या बाईंनी मला बोलावलं होतं. चाळिशीच्या आहेत, चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधतात, पण माणूस सरळ. त्यांनी विचारलं की दुकानातलं काम तुम्ही स्वतः करता याचा पुरावा काय. मला हसू आलं. अण्णांची पद्धत तुला आठवते ना? यंत्र दुरुस्त झालं की चार बोटं रुंदीच्या दोन पट्ट्यांवर टीप मारून बघायची, शेवटी दुकानाचं नाव शिवायचं, एक पट्टी गिऱ्हाईकाला द्यायची आणि दुसरी तारीख घालून डब्यात ठेवायची. बावीस वर्षांच्या पट्ट्या मी जपल्यात. बिस्किटांचे अकरा डबे हातगाडीवर घालून कचेरीत नेले आणि त्यांच्या टेबलावर मोठ्या दिमाखात उपडे केले.

बाईंनी एक पट्टी उचलली. ‘भाऊ’. दुसरी उचलली. ‘भाऊ’. दहा-बारा बघून झाल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं की हे भाऊ कोण. आणि मी, भाऊ, मी छाती फुगवून सांगितलं की माझा मोठा भाऊ!

अर्धा जिना उतरल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला ते कधी कुणाचं नाव वाटलंच नव्हतं. ते दुकानाचं चिन्ह होतं, अण्णांनी गिरवून घेतलेलं. पण त्यांनी काय बघितलं? दुकान आत्ता महिन्याभरापूर्वी बाईच्या नावावर झालं, पाटीवर भाऊ, कापडावर भाऊ. नामंजुरीच्या पत्रात लिहिलंय की व्यवसाय प्रत्यक्षात पुरुषाचा असून मदतीपुरतं स्त्रीला पुढे केल्याचं दिसतं. त्यांचंही चुकलं नाही. बायकोला नावापुरती मालकीण करून आलेले चौघे त्यांनी त्याच दिवशी परत पाठवले होते.

हरकत घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी खूप रडले, मग एका यंत्राचा दट्ट्या बसवला, मग परत रडले. तुला दोष देत नाही. पण पाटीचं तू म्हणाला होतास आणि मी ऐकलं, हे मनात येतंच. आता काय करू ते सांग.

रागावले असले तरी तुझीच,
बेबी


ता. १८ एप्रिल
(चि. बेबीस नक्कल)

साहाय्य निधीच्या बाईंना,
सप्रेम नमस्कार.

आपण ज्याच्याविषयी विचारलंत तो भाऊ मी. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतो. शिलाई यंत्र दुरुस्त करता येत नाही. सुईत दोरा ओवायलाही मला बायकोला हाक मारावी लागते.

आमचे वडील कारागीर होते. त्यांनी मला दोन वर्षं समोर बसवून शिकवलं. मी जांभया देत होतो, आणि माझ्या पाठीमागे जमिनीवर बसलेली बेबी शिकत होती. ती चौदा वर्षांची असताना मी एका यंत्राचे सगळे भाग सुटे केले आणि मला ते जोडता येईनात. तिनं माझ्या नकळत ते जोडून ठेवलं. सकाळी वडिलांनी टीप बघितली, माझी पाठ थोपटली, आणि दुकानावर माझ्या नावाची पाटी लावली. मी गप्प राहिलो. बेबीही गप्प राहिली, पण तिनं ते माझ्या प्रेमापोटी केलं. मी सोयीपोटी केलं.

वडिलांच्या मागे दुकान तिनं एकटीनं चालवलं. चालत्या यंत्राचा आवाज दारात ऐकून ती दोष सांगते. ज्यांना यंत्र उचलून आणवत नाही, त्यांच्या घरी हत्यारांची पिशवी घेऊन जाते. गावातल्या किती बायकांचं पोट तिच्या हातावर चालतं ते मला मोजता येणार नाही. बाई, मी आयुष्यभर पर्वतांच्या उंच्या शिकवल्या, पण माझ्या घरातली उंची मला आत्ता दिसतेय.

एक कबुली द्यायची राहिली. सहा वर्षांपूर्वी लग्नाचे पोशाख शिवणाऱ्या एका बाईंचं यंत्र ऐन वेळी बंद पडलं होतं. बेबीनं ते दोन तासांत चालू केलं. पुढे मी सुट्टीत गेलो तेव्हा त्या बाईंनी उस्ताद समजून मला स्वतः शिवलेला सदरा भेट दिला. मी तो घेतला. हे पत्र लिहितानाही तोच माझ्या अंगात आहे.

पाटी राहू दे असं बहिणीला मीच सांगितलं, आणि कारण गिऱ्हाईकांचं दिलं. खरं कारण असं की जगात तेवढ्या एकाच जागी मी कारागीर होतो. आपण कृपा करून दुकानात जा आणि तिचे हात बघा. शपथेवर सांगायला मी म्हणाल त्या दिवशी येईन.

आपला,
पाटीवरचा भाऊ


ता. ९ जुलै

ती. भाऊस,
बेबीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राची नक्कल मी तीनदा वाचली आणि बटणवाल्या बाईनं एकदा, मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाईकं असताना. आता गावात तुझी उस्तादी संपली आहे. पण एवढं खरं लिहायला मोठं काळीज लागतं, आणि ते माझ्या भावाकडे निघालं याचा मला फार अभिमान वाटला.

निधीच्या बाई न कळवता आल्या. सकाळपासून दुपारपर्यंत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिल्या. मी तीन यंत्रं केली. उठताना त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या आईचं यंत्र माळ्यावर पडून आहे, ते घेऊन येतील. आठवड्यानं मंजुरीचं पत्र आलं. काल टेबल आलं. दारातून आत जाईना, तेव्हा पाटी काढावी लागली. ती मी खाली उतरवून भिंतीशी ठेवली आणि परत लावली नाही. रंगाऱ्याला नवीन पाटी सांगितली आहे.

टेबलावर पहिलं यंत्र लागलं ते त्या पोशाखवाल्या बाईंचं. त्यांना सगळं कळलंय. सदरा परत मागणार होत्या, पण मी म्हटलं की राहू दे, त्याला शोभतो. मग त्यांनी तिथेच टेप काढून माझं माप घेतलं.

यंत्र चालू झालं, तशी मी पट्टी घेतली, टीप मारली आणि नाव शिवलं. बघते तर ‘भाऊ’. हात आपोआप वळला रे. बावीस वर्षांची सवय. मग ते उसवलं आणि त्याच पट्टीवर ‘बेबी’ शिवायला घेतलं, तर माझं मलाच जमेना. दुसरा ‘ब’ वाकडा झालाय, वेलांटी घसरलीय. बालवाडीतल्या पोरीनं काढावं तसं.

दुसरी पट्टी जरा बरी जमली, ती गिऱ्हाईकाला दिली. डब्यात ठेवायची ती ही पहिली, वाकडी, या पत्रात घालून तुला पाठवतेय. उजेडात धरलीस तर माझ्या नावाखाली तुझ्या नावाची भोकं दिसतील. ती कापड ओढून बुजवता आली असती. मी तशीच ठेवली.

वहिनीला नमस्कार. पुढच्या सुट्टीत ये, तुला सुईत दोरा ओवायला शिकवते.
तुझी,
बेबी