मनाची चौकशी, माणशी दहा मिनिटं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे कागदावरच). तुझा गुडघा कसा आहे? एकटी असलीस तरी वेळेवर जेवत जा. नुसत्या चहावर दिवस काढू नकोस.

आमच्या धुलाईच्या कारखान्यात (हॉस्पिटलच्या चादरी, दिवसाला दोन हजार) मागच्या आठवड्यात वरून हुकूम आला, की सुपरवायझरने (म्हणजे मी) प्रत्येक कामगाराशी मानसिक आरोग्याबद्दल बोलावं. माणशी दहा मिनिटं आणि एक फॉर्म, त्यात तीन चौकटी : बरं, ठीक, बरं नाही. बसायला साबणाच्या पिंपांची खोली दिली. तिथे आजवर फक्त कामावरून काढायच्या माणसाला बोलावत, त्यामुळे इस्त्रीवाल्या मावशी आल्या त्या डबा-पिशवी आवरूनच. मन कसं आहे विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्ही बोलावेपर्यंत चांगलं होतं." घड्या घालणाऱ्या दोघी बहिणींनी आपापलं सोडून एकमेकींचंच सांगितलं, आणि प्रत्येकीच्या मते डोकं फिरलं होतं ते दुसरीचं.

शेवटी ड्रायरवरचा लांब्या आला. सहा वर्षांत हा माणूस माझ्याशी यंत्राखेरीज कशावर बोललेला नाही. मी फॉर्म वाचायला लागलो (चष्मा विसरलो होतो, म्हणून अडखळत), तर मध्येच म्हणाला, "साहेब, रविवारी मी पुलावर गेलो होतो."

मी गाढव. विचारलं, "फिरायला?"

त्याने नुसती नकारार्थी मान हलवली. मग कळलं.

"परत का आलास?"

"सोमवारी पहिली पाळी होती."

ताई, हे कुठल्या चौकटीत मावतं सांग. मी फॉर्म खिशात कोंबला, ड्रायर बंद करायला लावला, त्याच्या बायकोला बोलावून घेतलं आणि तिघं तसेच डॉक्टरकडे गेलो. चादरी ओल्याच राहिल्या. त्याबद्दल मला मेमो मिळाला, आणि दहा मिनिटांची मर्यादा मोडल्याबद्दल दुसरा. लांब्याचे उपचार सुरू आहेत. काल पोटभर जेवला म्हणे.

तुझा,
धाकटा

ता. क. दाजी गेल्यावर तू ज्या मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचीस (आणि मी चारचौघांत तुझी थट्टा करायचो), त्यांचा नंबर पाठव. कामावरच्या एकाला हवा आहे.

आणखी एक. तो एक मीच. सुपरवायझरचा फॉर्म त्याचा त्यानेच भरायचा होता, मी 'बरं'वर खूण करून दिली. फोन करून काही विचारू नकोस, नुसता नंबर पाठव. विचारलंस तर मी काहीतरी विनोद करीन, तू हसशील, आणि ते तसंच राहून जाईल.