ग्रेगरीच्या दिवशी आलेला चाल्दुर

मार्जुनताई,

काल तू फोनवर म्हणालीस, "आपल्या कुरणातला चाल्दुर पक्षी आयर्लंडच्या चिखलात मेला. त्याच्या पाठीवरचं माग काढणारं यंत्र आठवडाभर एकाच जागेवरून संदेश देतंय. माझ्या प्रबंधाला हवी ती माहिती मिळाली. बाबांना तूच सांग." वर हसून, "पक्षीच आहे रे, रडू नकोस!"

गेल्या उन्हाळ्यात ते यंत्र आणि पायात ओळखीचे कडे बसवताना पक्षी कोणी धरला होता? बाबांनी. "हळू गं, पंख दुखेल त्याचा," ते म्हणत होते, आणि तू "पिसासारखं हलकं आहे, बाबा" म्हणत पट्टे आवळत होतीस. तो यंत्रामुळे मेला की थंडीने, हे तुलाही ठाऊक नाही. पण बाबा स्वतःच्या हातांनाच दोष देतील. तो निरोप द्यायला मी आहेच!

आज संत ग्रेगरीचा दिवस, हिवाळ्यात दूर गेलेले चाल्दुर परतण्याचा. आई गेल्यापासून बाबा या एका दिवसाच्या आशेवर हिवाळा काढतात. सकाळीच ते गारांच्या माऱ्यात किनाऱ्यावर गेले. सांगून टाकायचे ठरवून मी मागोमाग गेलो. खडकावर एक लाल चोचीचा चाल्दुर उभा होता. पाठ कोरी, पायात कडे नाही.

"बघ होग्न्या, आला!" बाबा ओरडले. "ताईचं लोढणं भिरकावून आला लबाड!"

मी म्हणालो, "हो बाबा, तोच."

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलेस, तर तू लगेच फोन करून त्यांची चूक दुरुस्त करशील.

बाबांच्या बाजूचा,
होग्नी